वस्तादांची पारख
कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींत सातारा-सांगलीकडील जी कुटुंबे स्थिरावली, त्यांच्या मुलखातील तालमीचा जुना शिरस्ता असा, की नवशिक्या पठ्ठ्याने प्रथम हौद्यातील तांबडी माती खणावी, तीत ताक, तेल व हळद कालवावी, जोर-बैठकांनी अंग कमवावे, आणि मगच वस्तादांच्या आज्ञेने डावास हात घालावा. शिष्याचा दर्जा दाखविणारे कराटेच्या पट्ट्यांचे रंग आपल्याकडे फार मागाहून आले. तालमीत शागिर्दाचा दर्जा ठरे तो जोड कोणाशी लावली यावरून. शाहू छत्रपतींच्या आश्रयाने १९१२ साली कोल्हापुरास कुस्तीचे खासबाग मैदान सिद्ध झाले हे खरे. परंतु राजाश्रयाहूनही, उतावीळ पठ्ठ्यास अकाली फडात न उतरविणाऱ्या वस्तादांचा संयमच मला अधिक थोर वाटतो.