पाण्याखालचा पहिला श्वास

आमच्या वडोदऱ्याच्या घरातील देवघरात एक शंख आहे. पणजोबा श्रीमंत गायकवाड सरकारच्या नोकरीत असताना काही वर्षे द्वारकेच्या वहिवाटदार कचेरीत कारकून होते. १८१७ च्या तहाने ओखामंडळ बडोदे संस्थानाकडे आले, आणि तेव्हापासून संस्थानातील कित्येक मराठी घरांतला कोणी ना कोणी त्या दूरच्या टोकाला बदलीवर जाऊन आला. आमच्या घरात त्या बदलीची म्हणून आठवण उरली ती हा शंख. पणजोबा स्वतः समुद्रात गुडघ्यापलीकडे कधी उतरले नाहीत, असे आजी सांगत असे.

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आम्ही मात्र उतरलो. गेल्या थंडीत मुलगा, सून व नातू यांच्यासह द्वारकादर्शनाला गेलो होतो. द्वारकेजवळच्या शिवराजपूर किनाऱ्याला २०२० साली ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. तेथे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रतळ पाहण्याची, म्हणजे स्कूबा डायव्हिंगची, सोय आहे. नातवाचे वय कमी पडत होते, म्हणून त्याने ती जबाबदारी आमच्यावर टाकली. “आजोबा, तुम्ही जा आणि बुडालेली द्वारका पाहून मला सांगा.” सौभाग्यवतींनी यावर जे म्हटले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

प्रथम एक छापील अर्ज भरावयाचा होता. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचे दुखणे आहे का, रक्तदाबासाठी औषध चालू आहे का, असे प्रश्न होते. आमची रक्तदाबाची गोळी आठ वर्षांपासून चालू आहे. शेजारी बसलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, “सगळीकडे ‘नाही’ लिहा, कोण पाहतो?” चौतीस वर्षे सरकारी नोकरीत आम्ही लोकांचे अर्ज तपासले, खोट्या प्रतिज्ञापत्रांवर शेरे मारले. तरीही, खरे सांगायचे तर, लेखणी क्षणभर ‘नाही’ या शब्दावर थबकली. मग ‘होय’ लिहिले. प्रशिक्षक तरुणाने अर्ज वाचला आणि नम्रपणे सांगितले की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून आज पाण्यात उतरता येणार नाही. मुक्काम एक दिवस वाढला. त्या रिकाम्या दिवशी किनाऱ्यावर बसून या विद्येचा जो इतिहास मनात उजळला, तोच येथे मांडतो.

पाण्याखाली जाण्याची ओढ आपल्या पुराणांनाही ठाऊक आहे. सांदीपनींचा पुत्र परत आणण्यासाठी श्रीकृष्ण समुद्रात शिरले, पंचजन दैत्याला मारले आणि पांचजन्य शंख घेऊन वर आले, अशी भागवतातील कथा आहे. महाभारतात युद्ध हरलेला दुर्योधन जलस्तंभन करून डोहात लपतो. मर्त्य माणसाला मात्र एका श्वासापुरतीच मुभा होती. इराणच्या आखातातील मोती काढणारे पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाशी दगड बांधून तळाशी जात, टोपलीत कालवे भरत, आणि दोरीला हिसका दिला की वरचा सोबती त्यांना ओढून घेई. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास करविलेली मोत्यांची चादर आपल्या वडोदऱ्याच्या वैभवाची खूण मानली जाते. तिचा २००९ साली दोहा येथे लिलाव झाला. ती पाहून सर्वांना महाराज आठवतात. परंतु आपण ज्यांना बसऱ्याचे मोती म्हणतो, त्यांतील प्रत्येकामागे कोणा अनामिक पाणबुड्याचा रोखून धरलेला श्वास असतो. हे लोक बहुधा आगाऊ उचललेल्या रकमेच्या कर्जात बांधलेले असत. त्यांची नावे कोणत्याच दप्तरात नाहीत.

लांब नळी तोंडात धरून खाली का जाता येत नाही, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. दर दहा मीटर खोलीला वातावरणाइतका एक दाब वाढतो. नळीतून येणारी हवा पृष्ठभागाच्या दाबाची, तर छातीवर दडपण खोल पाण्याचे. त्यामुळे जेमतेम एक मीटर खाली गेले तरी फुप्फुसे फुगेनाशी होतात. म्हणजे हवा नुसती पुरवून भागत नाही, ती त्या खोलीच्या दाबानेच पुरवावी लागते. सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

१६९१ साली, धूमकेतूमुळे आपल्याला परिचित असलेल्या एडमंड हॅले यांनी घंटेच्या आकाराचे एक पात्र समुद्रात सोडले आणि वजन लावलेल्या पिंपांतून तिला ताजी हवा पुरविली. १८२३ साली इंग्लंडमधील डीन बंधूंनी धुराने भरलेल्या जागेत शिरण्यासाठी एका शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. पुढे तेच पाण्यात उपयोगी पडले. ऑगस्टस सीबे यांनी त्यात सुधारणा करून तांब्याच्या टोपाचा बंदिस्त पोशाख सिद्ध केला. पोर्ट्‌समथजवळ १७८२ मध्ये बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष १८३९ ते १८४३ या काळात याच पोशाखातील पाणबुड्यांनी हलविले. परंतु पाणबुड्या वरच्या पंपाला नळीने बांधलेलाच राही. १८६० च्या दशकात फ्रान्समधील खाण अभियंता रूकेरोल आणि नौदल अधिकारी दनेरूझ यांनी श्वास ओढताच तेवढीच हवा सोडणारी झडप बनविली. ज्यूल व्हर्न यांनी १८७० च्या आपल्या सागरी कादंबरीत कॅप्टन नेमोच्या सोबत्यांच्या पाठीवर हेच यंत्र दिले. हा नेमो मूळचा बुंदेलखंडाचा राजपुत्र, हे व्हर्न यांनी पुढील एका कादंबरीत उघड केले. ज्यांनी भा. रा. भागवतांच्या अनुवादांतून व्हर्न वाचला, त्या आमच्या पिढीला हे सांगावयास नको.

खोल पाण्यात गेलेली माणसे वर येताच सांध्यांच्या वेदनांनी का तळमळतात, कधी लुळी का पडतात, हे दीर्घकाळ कोडेच होते. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली दाखवून दिले की, दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब एकदम उतरताच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सोड्याच्या बाटलीचे बूच उघडावे तसा हा प्रकार. जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोकडशेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आजच्या पाणबुड्याच्या मनगटावरील संगणक त्याच विचाराचा वंशज आहे.

शेवटची गाठ सुटली ती युद्धकाळात. जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. त्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने एक नियंत्रक झडप केली होती. नौदल अधिकारी जाक-ईव्ह कूस्तो १९४२ च्या अखेरीस त्याला पॅरिसमध्ये भेटले, तेव्हा तीच झडप श्वासासाठी वापरण्याची कल्पना पुढे आली. १९४३ च्या आरंभी मार्न नदीत पहिली चाचणी झाली, ती फसली. शरीर आडवे असले की यंत्र ठीक चाले. उभे राहिले की हवा वाया जाई आणि डोके खाली केले की मिळेनाशी होई. उच्छ्वासाचे तोंड झडपेच्या पातळीवर आणताच दोष गेला. त्याच वर्षी जूनमध्ये भूमध्य समुद्रात कूस्तो पाठीवर टाकी घेऊन मुक्तपणे पोहले. दोरी, नळी, पंप, सारे सुटले. त्यांच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला १९५६ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि हे जग सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचले.

आता ओखामंडळाकडे वळू. येथील समुद्राची शास्त्रीय विचारपूस प्रथम आपल्याच संस्थानाने केली, हे आज किती जणांना ठाऊक असेल? सयाजीराव महाराजांच्या सरकारने सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून ओखामंडळच्या सागरी जीवसृष्टीची पाहणी करविली. अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये निघाला. हॉर्नेल यांनी मोत्यांच्या कालवांइतकेच शंखाकडेही लक्ष दिले आणि त्याचे हिंदू धर्मजीवनातील स्थान विस्ताराने नोंदविले. बेटाला शंखोद्धार हे नाव उगाच पडलेले नाही. आमच्या देवघरातील शंख कोणा भाविकाने ओहोटीला वेचला असेल, की बाजारातून आला असेल, देव जाणे.

या पाण्याखाली द्वारका आहे काय, याचा शोध त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाला. १९६३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी द्वारकेत भूमीवर उत्खनन केले. अन्सारी व माटे यांचा त्याविषयीचा ग्रंथ १९६६ मध्ये आला. त्यांना वस्तीचे जे थर लागले, ते सुमारे दोन हजार वर्षांमागे जात नव्हते. पुढे शि. रं. राव यांनी १९७९ पासून मंदिरालगत, आणि १९८३ पासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वतीने प्रत्यक्ष समुद्रात, मोहिमा चालविल्या. टाक्या पाठीवर बांधून पुरातत्त्वज्ञ तळाशी गेले. घडीव दगड, काही रचनांचे अवशेष आणि मोठ्या संख्येने तीन भोकांचे दगडी नांगर सापडले. बेट द्वारकेला शंखाची एक लहान मुद्रा मिळाली, तीवर तीन मुखांचा प्राणी कोरलेला आहे. राव यांनी या साऱ्याचा संबंध महाभारतकालीन द्वारकेशी जोडला. नंतरच्या संशोधकांनी मात्र त्यांतील पुष्कळसे अवशेष ऐतिहासिक वा मध्ययुगीन काळातील बंदराचे असावेत, असे मत मांडले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सागरी विभागाने २००७ मध्ये येथे काम केले आणि २०२५ मध्ये पुन्हा पाणबुडे उतरविले. वाद मिटलेला नाही. श्रद्धेला पुराव्याची गरज नसते, पण पुराव्यालाही श्रद्धेच्या दडपणाखाली बोलावयास लावू नये, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन आम्ही किनाऱ्यावर हजर झालो. आमच्या वडोदऱ्याच्या डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलून तेथील डॉक्टरांनी ती दिली होती. कंबरभर पाण्यात सराव सुरू झाला. प्रशिक्षकाने एकच गोष्ट तीनदा बजावली : “काका, श्वास रोकता नहीं.” दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वास कोंडून वर आले तर फुप्फुस फाटू शकते. हे सारे डोक्यात पक्के होते, तरी तोंड पाण्याखाली जाताच छाती आवळली, नळी दातांत असूनही हवा मिळत नाही असे वाटले, आणि दोन मिनिटांत आम्ही धडपडत उभे राहिलो. किनाऱ्यावर सौभाग्यवती उभ्या होत्या. त्यांनी काहीच म्हटले नाही. तेच अधिक लागले.

प्रशिक्षक घाई करीना. “तुमचे शरीर बरोबर सांगते आहे, त्याला फक्त वेळ द्या,” असे तो गुजरातीत म्हणाला. दहा मिनिटांनी आम्ही पुन्हा वाकलो. यावेळी मनातल्या मनात दर श्वास मोजला. वीसपर्यंत आलो तेव्हा लक्षात आले की, मोजणे विसरून आपण वाळूवरचा एक खेकडा पाहत आहोत. मग नावेने थोडे आत जाऊन पाच-सहा मीटर खोल उतरलो. नाक दाबून हलकेच फुंकर मारली की कानांतला दडा सुटे. पाणी हिरवट आणि गढूळसर होते. चार-पाच हातांपलीकडे दिसत नव्हते. खडकांवर शेवाळ, पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे, आणि स्वतःच्याच श्वासाचा घरघराट. भिंत दिसली नाही, नांगर दिसला नाही, नगरी दिसली नाही. प्रशिक्षकाचा हात मात्र सारा वेळ आमच्या दंडावर होता.

वर आल्यावर नातवाने विचारले, “दिसली द्वारका?” आसपासचे चार यात्रेकरूही उत्तर ऐकण्यास थांबले. ‘होय’ म्हटले असते तर मुलगा आनंदला असता आणि कोणाचे काही बिघडलेही नसते. पण आदल्या दिवशी अर्जावर जे लिहिले होते, तेच येथेही लागू होते. आम्ही म्हटले, “नाही बाळा, मासे दिसले. द्वारका शोधणारे लोक वर्षानुवर्षे तेथे उतरताहेत. मोठा होऊन तूही उतर.” त्याने थोडा विचार केला आणि विचारले, “माशांना श्वास कोण देतं?” त्याचे उत्तर देण्यात आमची ती संध्याकाळ गेली.

घरी परतल्यावर नेहमीप्रमाणे सकाळी शंख वाजविला. पूर्वी तो वाजविताना पणजोबा आठवत. आता, तळाशी दगड बांधून गेलेले आणि दोरीला हिसका देऊन वर आलेले ते नाव नसलेले लोकही आठवतात. शंखाला लागतो तो दमच, आणि दम काय वस्तू आहे हे आम्हांस सहासष्टाव्या वर्षी, दोन मिनिटांत, पुरते कळले.