तारापूरचे फासे : न घडलेल्या अपघाताचा हिशेब

१/ बोईसरहून पश्चिमेला समुद्राकडे गेले की तारापूर अणुऊर्जा केंद्र लागते. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी येथील दोन अणुभट्ट्यांतून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. भारतातील हे पहिले अणुवीज केंद्र. पुराचा अंदाज जुन्या पुरांच्या नोंदींवरून बांधता येतो. पण जो मोठा अपघात तेथे कधी घडलाच नाही, त्याची शक्यता कशी मोजायची?

२/ या प्रश्नाच्या उत्तराचे एक मूळ पत्त्यांच्या डावात आहे. १९४६ साली आजारातून बरे होत असताना गणिती स्टानिस्लाव उलाम एकट्याने पत्ते खेळत. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा पुष्कळ डाव मांडून सुटलेले मोजावेत, असे त्यांना सुचले. जॉन फॉन नॉयमन यांनी ही कल्पना उचलून धरली. १९४८ मध्ये एनिअ‍ॅक संगणकावर न्यूट्रॉनांचे यादृच्छिक प्रवास अशाच रीतीने गणले गेले. जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणावरून पद्धतीला नाव मिळाले : मॉन्टे कार्लो.

३/ पुढे हीच रीत सुरक्षेच्या हिशेबात आली. वीज गेली तर अणुभट्टी थंड ठेवण्यासाठी डिझेल जनित्रे लागतात. समजा, जनित्र ऐनवेळी बंद पडण्याची शक्यता ०.०२ आहे. संगणक ० ते १ मधली एक संख्या काढतो, ती ०.०२ पेक्षा लहान आली, तर जनित्र बंद. दोन जनित्रांसाठी हा खेळ १ लाख वेळा खेळला, तर दोन्ही एकदम बंद पडण्याचे प्रसंग सुमारे ४० येतात.

४/ येथे एक गृहीतक दडलेले आहे : दोन्ही फासे स्वतंत्र आहेत. आता समजा, दोन्ही जनित्रे एकदम निकामी करणारे एखादे सामाईक कारण १,००० पैकी एका वेळी उद्भवते. संगणकीय आज्ञावलीत एवढी एकच ओळ वाढवली, की ४० चे सुमारे १४० होतात.

५/ तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या मूळ रचनेत काही यंत्रणा दोघींत सामाईक होत्या. केंद्र जुने झाल्यावर त्याच्या सुरक्षेचा नव्याने आढावा घेण्यात आला. त्यात संभाव्यतेवर आधारित मूल्यांकनही होते. २००५-०६ मध्ये अणुभट्ट्या बंद ठेवून अशा यंत्रणा वेगळ्या करण्यात आल्या आणि नवी डिझेल जनित्रे बसवण्यात आली.

६/ सामाईक कारण किती महाग पडते, हे ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमात दिसले. तेथील पहिल्या अणुभट्ट्याही तारापूरप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. भूकंपाने बाहेरची वीज तोडली आणि त्सुनामीच्या एकाच लाटेने १ ते ४ क्रमांकांच्या अणुभट्ट्यांची आपत्कालीन वीजव्यवस्था कोलमडली.

७/ संगणक फासे कोट्यवधी वेळा टाकू शकतो. पण कोणते फासे एकमेकांशी बांधलेले आहेत, हे त्याला माणसालाच सांगावे लागते. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी परिसराला भूकंपाच्या धक्क्यांची मालिका जाणवली आहे. सामाईक कारणांची ती यादी म्हणूनच पुन्हा पुन्हा तपासावी लागते.