बोरघाटांतील आगगाडी आणि तिचा श्वास

मुंबईहून पुण्याकडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कर्जत स्थानकांत उभी राहते, तेव्हां डब्यांतील बहुतेक मंडळींचें लक्ष बटाटेवड्याकडे असतें. त्याच वेळीं गाडीच्या शेपटाला मागून रेटा देणारीं इंजिनें जोडलीं जात असतात. पुढें घाट आहे, त्याला जोर हवा, हें लहान मुलांसही उमगतें. परंतु घाटाचें खरें संकट चढणींत नसून उतरणींत आहे. चढतांना जोर अपुरा पडला तर गाडी उभी राहते. उतरतांना रोध अपुरा पडला तर ती उभी राहत नाहीं. एवढ्या एका वाक्यांत बोरघाटाच्या रेल्वेचा निम्मा इतिहास सांठवलेला आहे.

१८५३ सालच्या एप्रिलमध्यें मुंबई ते ठाणें ही पहिली गाडी धांवली. तीन वर्षांत, म्हणजे १८५६ सालीं, रूळ पळसदरीवरून आजच्या खालापूर तालुक्यांतील खोपोलीपर्यंत येऊन पोंचले. वरच्या बाजूस खंडाळा ते पुणें हा मार्ग १८५८ सालीं सुरू झाला. मधली सह्याद्रीची भिंत तेवढी उरली. पुढचीं पांच वर्षें पुण्याचा उतारू खोपोलीस गाडींतून उतरे आणि पालखी, तट्टू किंवा बैलगाडी यांपैकीं आपल्या ऐपतीस परवडेल त्या वाहनानें घाट चढून खंडाळ्यास पुन्हां गाडींत बसे. 

जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्यानें आंखलेल्या घाटमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें. पहिला मक्तेदार फेव्हिएल यानें १८५९ सालीं तें सोडलें. दुसरा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल येथें आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें मक्ता न सोडतां अनुभवी अभियंत्यांच्या हातून काम तडीस नेलें. ऐन भरांत चाळीस हजारांहून अधिक मजूर या डोंगरांत राबत होते, आणि पटकीच्या साथींत त्यांच्यांतील हजारों माणसें दगावलीं. त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें घाट उघडला. सुमारें सोळा मैलांत अठराशें एकतीस फूट चढ, पंचवीस बोगदे, आणि सर्वांत कठीण जागीं सदतीस फुटांस एक फूट चढण, असें त्याचें स्वरूप होतें.

सदतिसांस एक हा आंकडा कानांस फारसा भयंकर वाटत नाहीं. एखाद्या माणसास अशी वाट चालतांना धापही लागणार नाहीं. परंतु रूळ आणि चाक दोन्ही लोखंडी. त्यांच्यामधील घर्षण अत्यल्प. चारशें टनांची गाडी या उतारावर उभी केली, तर तिचें वजन तिला जवळजवळ अकरा टनांच्या ओढीनें सतत खालीं खेंचीत असतें. ही ओढ थकत नाहीं, झोंपत नाहीं, आणि एकदां गाडी हातची निसटली कीं प्रत्येक क्षणास वेग वाढवीत जाते. या ओढीला तितक्याच जोराचा आणि तितकाच अखंड विरोध केला, तरच गाडी सुखरूप पळसदरीस उतरते.

आरंभींच्या काळांत हा विरोध माणसाच्या मनगटांत होता. इंजिनाचा एक ब्रेक, गार्डाच्या डब्याचा एक, आणि ठिकठिकाणीं बसविलेले हातब्रेक. ड्रायव्हरनें शिट्टीनें इशारा द्यावा आणि ब्रेकवाल्यांनीं चक्रें फिरवून चाकांवर ठोकळे आवळावे, अशी रीत होती. शिट्टी वाऱ्यांत विरली, एखाद्याचा हात पावसानें निसटला किंवा ठोकळे ओले झाले, म्हणजे साखळीचा एक दुवा तुटलाच. त्यांत बोरघाटास आणखी एक विशेष अडचण होती. खंडाळ्याच्या खालीं डोंगरास वळसा घालण्यास जागा नव्हती, म्हणून मार्ग एका कड्याशीं नेऊन तेथें संपविला होता. गाडीनें तेथें थांबावें, इंजिन दुसऱ्या टोंकास जोडावें, आणि उलट दिशेनें पुढची वाट धरावी. या ‘रिव्हर्सिंग स्टेशना’वर उतरती गाडी वेळींच थांबणें हा सोयीचा प्रश्न नव्हता, त्या जागेच्या पुढें रूळच नव्हते.

बांधणाऱ्यांस ही भीति ठाऊक होती. म्हणून त्यांनीं उतरणीवर मधून मधून वर चढत जाणारे आडमार्ग काढले. त्यांस ‘कॅच साइडिंग’ म्हणतात. त्यांचा नियम मोठा शहाणपणाचा आहे. कांटा एरवीं आडमार्गाकडेच वळलेला असतो. गाडी तेथें येऊन थांबली, म्हणजे ती ताब्यांत आहे हें तिनें स्वतःच्या वर्तनानें सिद्ध केलें, कीं मगच तिला मुख्य मार्ग मोकळा होतो. न थांबली तर ती आपोआप चढावर जाऊन दमते. विश्वास आधीं न ठेवतां परीक्षेनंतर ठेवावा, हें तत्त्व येथें लोखंडांत ओतलें आहे.

पुढें व्हॅक्यूम ब्रेक आला आणि ब्रेक माणसाच्या मनगटांतून हवेच्या हातीं गेला. त्याची युक्ति ध्यानांत घेण्यासारखी आहे. इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत एक नळी जाते. दोन डब्यांमध्यें ती रबरी होजपाइपानें जोडलेली असते. इंजिन या नळींतील हवा शोषून घेतें. प्रत्येक डब्याखालीं एक सिलिंडर असतो. त्यांतील दट्ट्याच्या वर व खालीं दोन्हीकडे निर्वात पोकळी असली कीं दट्ट्या स्वतःच्या वजनानें खालीं बसतो आणि चाकें मोकळीं राहतात. ड्रायव्हरनें नळींत बाहेरची हवा सोडली, कीं ती दट्ट्याच्या खालीं शिरते. वरच्या पोकळींत मात्र एक झडप तिला जाऊं देत नाहीं. मग बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्यास वर ढकलतो आणि ठोकळे चाकांस भिडतात. वीस इंच पाऱ्याइतकी निर्वातता असेल, तर अठरा इंच व्यासाच्या दट्ट्यावर सुमारें अडीच हजार पौंडांचा जोर पडतो. नळी तुटली किंवा गाडीचे दोन तुकडे झाले, तर हवा आपोआप शिरते आणि ब्रेक आपोआप लागतो.

हा ‘आपोआप’ शब्द जगानें फार मोठी किंमत देऊन मिळविला. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांत आर्मा येथें सहलीस निघालेल्या मुलांची गाडी चढावर अडकली. तिलाही व्हॅक्यूम ब्रेक होता. पण तो इंजिन जोडलेलें असेपर्यंतच चालणारा होता. गाडीचे दोन भाग करून मागचा भाग चाकांखालीं दगड लावून उभा केला. इंजिनाच्या एका धक्क्यानें ते दगड चिरडले, डबे उतारानें मागें धांवले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारें ऐंशीं माणसें मेलीं. त्याच वर्षीं ब्रिटनांत उतारूंच्या गाड्यांस अखंड व स्वयंचलित ब्रेक कायद्यानें सक्तीचा झाला.

तथापि स्वयंचलित यंत्रासही आजार जडतात, आणि त्यांचें निदान हीच घाटांतील कामगारांची खरी विद्या. व्हॅक्यूम ब्रेकांत गळती दोन प्रकारची असते आणि दोहोंचे परिणाम परस्परविरुद्ध होतात. मुख्य नळींत कोठें छिद्र पडलें, तर हवा आंत येते, ब्रेक घासूं लागतात आणि गाडी जड होते. हा दोष त्रासदायक खरा, पण प्रामाणिक. तो इंजिनांतील घड्याळावर कांटा खालीं आणून स्वतःची वर्दी देतो. सिलिंडराच्या वरच्या पोकळींत गळती असेल, तर गोष्ट निराळी. ब्रेक लावतांना तो नीट लागतो. परंतु हवा हळूहळू वर झिरपून दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि आवळलेले ठोकळे आपण होऊन सैल पडतात. सपाट मार्गावर हें कोणाच्या ध्यानांतही येणार नाहीं. मैलांमागून मैल ब्रेक धरून ठेवावा लागणाऱ्या घाटांत मात्र हाच दोष घातकी ठरतो.

नळींतील गळती शोधण्याची रीत साधी, परंतु तर्कशुद्ध आहे. प्रथम इंजिन गाडीपासून तोडून त्याची नळी बंद करावी. एकट्या इंजिनानें निर्वातता धरली, तर दोष गाडींत आहे. मग गाडी मधोमध तोडावी. सोळा डबे असतील, तर पहिले आठ जोडून पाहावे. कांटा स्थिर राहिला तर दोष मागच्या आठांत, घसरला तर पुढच्या आठांत. आठांचे चार, चारांचे दोन, दोहोंचा एक. दोष एकाच ठिकाणीं असेल तर चार परीक्षांत रोगी डबा हातीं लागतो. नंतर त्या डब्याचा होजपाइप, त्याच्या तोंडचा रबरी वॉशर, सांधे आणि सिलिंडर क्रमानें तपासावे. व्हॅक्यूमांत हवा आंत ओढली जात असल्यामुळें साबणाचे बुडबुडे फुगत नाहींत. तेथें कानाने फुसफूस ऐकावी किंवा सांध्याजवळ लहानशी ज्योत धरावी. छिद्र असेल तिकडे ती झुकते. थंड देशांत घरें उबदार ठेवण्यासाठीं भिंतींतून गरम पाण्याच्या बंद नळ्या फिरवितात. त्यांतील दाब उतरूं लागला तर तेथील कारागीरही अशाच रीतीनें एकेक शाखा बंद करून घड्याळाचा कांटा न्याहाळतो. वस्तु भिन्न, न्याय एकच.

१९२९ सालीं घाटांत दोन मोठे बदल झाले. नवा वळसा काढून रिव्हर्सिंग स्टेशन बंद केलें, आणि वाफेच्या जागीं वीज आली. १ जून १९३० पासून दख्खनची राणी मुंबई-पुण्यामध्यें धांवूं लागली. मालगाड्यांच्या नव्या विद्युत् इंजिनांत उतरतांना मोटारींनाच जनित्र बनवून गाडीचा वेग आवरण्याची व वीज तारेंत परत देण्याची सोय होती. जी ओढ आजवर ठोकळे झिजवीत होती, तीच आतां चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगीं पडूं शकत होती. ठोकळ्यांवरचा भार हलका झाला. पण गाडी उभी करण्याचें अंतिम काम हवेकडेच राहिलें.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भारतीय रेल्वेनें व्हॅक्यूम सोडून दाबाच्या हवेचा ब्रेक स्वीकारला. अमेरिकेच्या जॉर्ज वेस्टिंगहाउसनें १८७२ सालीं त्याचें स्वयंचलित रूप सिद्ध केलें होतें. यांत मुख्य नळी दर चौरस सेंटिमीटरला पांच किलो दाबाच्या हवेनें भरलेली असते आणि दाब उतरला कीं ब्रेक लागतो. येथें गळतीवर साबणाचें पाणी लावतां येतें. परंतु घाटाचा धडा येथेंही सुटत नाहीं. उतरणीवर पुन्हां पुन्हां ब्रेक लावला आणि सोडला, पण मधल्या वेळांत डब्याखालच्या टाक्या भरूं दिल्या नाहींत, तर सांठा संपत जातो आणि नळी शाबूत असूनही गाडी निःशक्त होते.

याहून फसवा दोष म्हणजे दोन डब्यांमधील बंद राहिलेला कॉक. त्याच्या पुढचा भाग धडधाकट, ड्रायव्हरसमोरचा कांटाही जागच्या जागीं. मागच्या डब्यांस मात्र ड्रायव्हरचा हुकूम पोंचतच नाहीं. २७ जून १९८८ रोजीं पॅरिसजवळ असाच कॉक चुकून बंद झाला. मागच्या डब्यांचे ब्रेक सुटेनात, तेव्हां दोष हवेच्या अडथळ्याचा आहे असें समजून त्या डब्यांतील हवा सोडून देण्यांत आली. ब्रेक सुटले, गाडी हलली, आणि पुढच्या उतारावर ती थांबविण्यास जवळजवळ कांहींच उरलें नाहीं. गार द लियों स्थानकांत ती दुसऱ्या गाडीवर आदळून छपन्न माणसें मेलीं. लक्षण नाहींसें झालें म्हणून रोग बरा झाला असें मानण्याचें हें फळ होय.

म्हणून गाडी सुटण्यापूर्वीं केवळ इंजिनांतील कांटा पाहून भागत नाहीं. शेवटच्या डब्यांतील कांटाही पुरेसा दाब दाखवितो काय, आणि मागून दाब उतरविला तर पुढें तो उतरलेला दिसतो काय, हें पाहावें लागतें. हुकूम ज्या टोंकाहून निघतो त्या टोंकास नव्हे, तर जेथें तो पोंचावयाचा त्या टोंकास परीक्षा घ्यावी, हा त्यांतील अर्थ. उतरणीवर गाडी जेव्हां मध्येंच, कोणतेंही गांव नसलेल्या जागीं क्षणभर थबकते, तेव्हां डब्यांतील उतारू वेळ गेला म्हणून त्रासतात. बाहेर धबधबा असतो, माकडें असतात, आणि समोर कांटा आडमार्गाकडे वळलेला असतो. गाडी थांबली हीच त्या वेळची सर्वांत मोठी बातमी असते. ती कळली कीं कांटा फिरतो आणि गाडी सावकाश कर्जतकडे उतरूं लागते.