पोके बाउल घरी करताना: कच्चा मासा कितपत सुरक्षित?

पोके हा मूळचा हवाई बेटांवरचा पदार्थ. कच्च्या ट्यूनाचे चौकोनी तुकडे मीठ, सोया सॉस, तिळाचे तेल आणि समुद्री शेवाळ घालून कालवतात व भातावर वाढतात. व्हिडिओ पाहून घरी तो करणारे हमखास विचारतात, "डॉक्टर, भरपूर लिंबू पिळलं तर मासा शिजल्यासारखाच होतो ना?"

नाही. लिंबातील आम्लामुळे माशातील प्रथिनांचे स्वरूप बदलते, म्हणून तो पांढरट आणि घट्ट दिसतो. पण त्यातील जंतू आणि कृमींच्या अळ्या मरतीलच याची खात्री नसते. व्हिनेगर आणि वसाबीचेही तसेच.

समुद्री माशांत अ‍ॅनिसाकिस नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. जिवंत अळी पोटात गेली, तर काही तासांत पोटात तीव्र कळा, मळमळ, उलट्या सुरू होतात. कधीकधी ती दुर्बिणीतून काढावी लागते. या अळ्या मारण्यासाठी मासा उणे 20 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात 7 दिवस ठेवावा, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा निकष आहे. घरचा फ्रीझर साधारण उणे 18 च्या आसपास असतो, जुना फ्रीज त्याहूनही कमी थंड. त्यात दार उघडते, वीज जाते. शिवाय गोठवल्याने कृमी मरतात, जिवाणू मात्र बहुतांशी तग धरतात. पाकिटावरच्या 'सुशी ग्रेड' या शब्दांवरही विसंबू नका; अमेरिकेतसुद्धा त्यांना कायदेशीर व्याख्या नाही.

आपल्या बाजारातला मासा शिजवण्यासाठीच विकला जातो. लाल कल्ले आणि चकचकीत डोळे ताजेपणा सांगतात, आत अळी आहे की नाही ते सांगत नाहीत. रोहू, कटला असे गोड्या पाण्यातले मासे तर कधीच कच्चे खाऊ नका.

ट्यूना, बांगडा, सुरमई बर्फाविना राहिले तर त्यांत हिस्टामाइन तयार होते. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके दुखते, धडधडते. लोकांना ती माशाची अ‍ॅलर्जी वाटते.

भाताकडे कोणी लक्षच देत नाही! शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला, तर बॅसिलस सिरियस हा जिवाणू त्यात विष तयार करतो आणि पुन्हा गरम केल्याने ते नष्ट होत नाही. भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा.

गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, यकृताचे रुग्ण, मधुमेही, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड घेणारे यांनी कच्चा मासा खाऊच नये. यकृताच्या रुग्णांत व्हिब्रिओ जिवाणूचा संसर्ग जिवावर बेतू शकतो.

माझा सल्ला विचाराल तर मासा शिजवूनच घ्या. सुरमईचे तुकडे थोड्या तेलावर परता. आतपर्यंत अपारदर्शक झाले आणि काट्याने सहज सुटले की झाले (आतील तापमान 63 अंश). मग तोच सोया सॉस, तीळ, काकडी घाला. चवीत फार काही हरवत नाही.

कच्चा मासा खाल्ल्यावर पोटात तीव्र कळ, सतत उलट्या, ताप, शौचातून रक्त किंवा श्वासाचा त्रास झाल्यास लगेच डॉक्टरांकडे जा. कोणता मासा, कधी खाल्ला हे न विचारताच सांगा.