बाहुल्यांच्या तळाखाली

इंदूरच्या रामबागेत माझ्या आत्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात चिनी मातीची एक जोडी उभी असे. गुलाबी झग्यातली मेंढपाळीण आणि तिच्याकडे मान वळवून पावा वाजवणारा तिचा सखा. ‘तुकोजीराव महाराजांनी लालबागेतून अप्पांना दिलेली, अप्पांनी मला लग्नात दिली,’ हे आत्याचे वाक्य आम्हा मुलांना पाठ होते. इंदुरात अशी वाक्ये घरोघर ऐकू येतात. लालबाग राजवाड्याचे काम १८८६ साली सुरू होऊन १९२१ पर्यंत चालले. तिथला विलायती थाट पाहिलेल्यांना घरातली प्रत्येक परदेशी वस्तू तिथूनच आली असावी असे वाटले, तर त्यांना दोष कसा द्यावा?

२०१९ साली ते घर विकायचे ठरले आणि या जोडीवरून माझ्या दोघा आतेभावांत बोलाचाली झाली. जोडी फोडायची नाही, आणि सोडायचीही कोणी नाही. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर, म्हणून निवाड्याला मला बसवले.

मी बाहुल्या उलट्या केल्या. तळाला हिरवी बनात चिकटवलेली, कपाटाच्या काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून. ती ओल्या फडक्याने भिजवत ठेवली आणि तोवर भावांना मायसेनची गोष्ट सांगितली.

अशा मेंढपाळ-मेंढपाळिणींचे माहेर जर्मनीतले मायसेन. तिथला कारखाना १७१० सालचा. युरोपात खरी चिनी माती प्रथम साधली ती तिथे. त्याची खूण म्हणजे निळ्या रंगात एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन तलवारी. ही खूण झिलईखाली असते. मालात खोट निघाली तर तलवारींवर चरा ओढण्याची तिथली रीत. पण तलवारी दिसल्या की मायसेन, असे मात्र नाही. पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने १८४५ पासून जुन्या मालाच्या नकला करण्याचाच धंदा केला, आणि ड्रेस्डेनमध्ये तर मायसेनच्याच ‘ए आर’ या राजमुद्रेची नक्कल झाली. नकलादेखील आता शंभरी ओलांडून गेल्या आहेत!

म्हणून मी मुद्रेपेक्षा तिच्याजवळच्या अक्षरांकडे आधी पाहतो. तलवारी कोणीही काढील, पण देशाचे नाव कायद्याने लिहावे लागले. इंग्लंडने १८८७ साली परदेशी मालाच्या फसव्या खुणांविरुद्ध कायदा केला, हिंदुस्थानात तसाच कायदा १८८९ साली आला, आणि अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. तेव्हा ‘मेड इन’ ही अक्षरे असलेली बाहुली पेशवाईतली असणे शक्य नाही. ‘निप्पॉन’ असेल तर माल साधारण १९२१ च्या आधीचा, कारण त्यानंतर अमेरिकेने ‘जपान’ असेच लिहायला लावले. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ नंतरचा. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० मधला. आपल्याकडच्या देव्हाऱ्यांसाठी आणि दिवाणखान्यांसाठी जर्मनीत राधा-कृष्ण, सरस्वती अशा मूर्तीही बनत, पुष्कळदा रविवर्म्याच्या चित्रांवरून. आज त्यांच्या नव्या नकला बाजारात मिळतात, तेव्हा तिथेही तळ पाहावाच.

अर्थात अक्षरेही नंतर उमटवता येतात. नखांचा रंग पुसायच्या द्रवात कापूस बुडवून चोळावे. झिलईवर मागाहून मारलेला शिक्का बहुधा निघून येतो. भिंगातून रंगांत छापील ठिपके दिसले तर कुंचल्याचा हात लागलेला नाही, छापील चित्र चिकटवलेले आहे. झीज फक्त टेकणाऱ्या कडेवर असावी. सगळा तळ सारखाच मळलेला असेल तर चहाचे पाणी किंवा राख वापरली असण्याचा संशय घ्यावा. आणि मला सर्वांत पटलेली खूण म्हणजे आकार. माती भट्टीत आकसते. जुन्या बाहुलीवरून साचा काढून नवी ओतली की ती मुळापेक्षा आठव्या हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त, लहान होते आणि नाकडोळे बोथट होतात. गालाला लावून पाहिल्यास गार लागत नसेल, तर ती मातीची नव्हेच.

बनात सुटली. निळ्या तलवारी होत्या, जराशा वाकड्या, आणि त्यांच्याखाली तांबड्या अक्षरांत इंग्रजीत: ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’. मी कापूस चोळला. अक्षरे हलली नाहीत.

दोस्तांच्या ताब्यातल्या जपानातून बाहेर जाणाऱ्या मालावर हे शब्द १९४७ पासून येऊ लागले आणि एप्रिल १९५२ मध्ये तो ताबा संपला. तुकोजीरावांनी गादी सोडली ती १९२६ साली. लालबागेचा संबंध उरत नव्हता. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा शंभर वर्षे मोजतो. त्या हिशेबानेही ही जोडी अजून कच्चीच.

आतेभाऊ गप्प झाले. शहाऐंशी वर्षांच्या आत्याला काय सांगावे याचा मी विचार करत होतो, तोच तिने विचारले, “कोणतं साल म्हणालास?” मी पुन्हा सांगितले. “माझं लग्न एक्कावन्नचं,” ती म्हणाली. “अप्पा बस्ता घ्यायला मुंबईला गेले होते. येताना एक खोकं मांडीवर धरून आले. रात्रभराच्या गाडीत खाली ठेवलं नाही म्हणे.”

“मग लालबाग?”

“ते आई सांगायची, सासरच्यांना.”

त्यानंतर भावांपैकी कोणीही जोडी मागितली नाही. आत्यानेच ती माझ्या हाती दिली. बनात मी परत चिकटवलेली नाही.