बंद पडलेली शहरे आणि ती पुन्हा बांधणारी माणसे



आजचा विषय फलकावर लागल्यापासून आम्हाला दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. 'सर, तुम्ही आणि संगणकावरचे खेळ?' असा एकूण सूर. त्यांचं काही चुकलं नाही. तीसेक वर्षे आम्ही कांट आणि नागार्जुन शिकवले. हे खेळ आम्ही स्वतः खेळलेलो नाही. नातवाने शेजारी बसवून जे दाखवले आणि त्यानंतर कुतूहलापोटी जे वाचले, त्या भांडवलावर आजचे बोलणे आहे. पण त्या वाचनात आमच्याच विषयातला एक फार जुना प्रश्न असा समोर येऊन उभा राहिला की, तो तुमच्यापुढे मांडल्याशिवाय राहवेना.

आधी हे खेळ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एका वेळी हजारो माणसे आपापल्या घरून इंटरनेटवरून एकाच काल्पनिक जगात शिरतात. प्रत्येक जण एक सोंग घेतो: कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी शिंपी. आपल्याकडचा बहुरूपी सोंग उतरवून संध्याकाळी घरी जातो. इथे तेच सोंग पाच-पाच, दहा-दहा वर्षे चालते. याचे मूळ इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात आहे. तिथे 1978 साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी नुसत्या अक्षरांवर चालणारे असे एक जग तयार केले. चित्रांची मोठी जगे पुढे आली: 1996 मध्ये 'मेरिडियन 59', 1997 मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन', 1999 मध्ये 'एव्हरक्वेस्ट'. मग तर लाटच आली.

आता यातली खरी गोम बघा. पत्त्यांचा जोड तयार करणारा कारखाना बंद पडला म्हणून तुमच्या घरातले पत्ते थांबत नाहीत. बुद्धिबळाला तर मालकच नाही. या खेळांचे तसे नाही. खेळाडूच्या संगणकावर असतात ती चित्रे, नकाशे, आवाज. पण कुठला राक्षस कुठे उभा राहील, वार किती लागेल, तुमच्या पेटीत काय शिल्लक आहे, हे सगळे कंपनीच्या सर्व्हरवर ठरते आणि तिथेच साठवले जाते. सर्व्हर बंद झाला की तुमच्या हाती उरते ती नाटकाची वेशभूषा आणि पडदे. संहिताही गेली आणि नटही गेले.

एक उदाहरण घेऊ. 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज' हा खेळ जून 2003 मध्ये सुरू झाला. त्यात तीसहून अधिक व्यवसाय होते, आणि गंमत म्हणजे त्यातले कितीतरी लढाईशी संबंध नसलेले. लोक तिथे स्वयंपाकी होत, शिंपी होत, गुत्त्यात वाद्ये वाजवत, नाचत, आणि लढून दमलेली माणसे तो नाच बघून ताजीतवानी होत. नोव्हेंबर 2005 मध्ये कंपनीने एका फटक्यात नियमच बदलले. व्यवसाय उरले नऊ. हेतू चांगला असेल. नवे गिऱ्हाईक यावे, खेळ सोपा व्हावा. पण ज्याने दोन वर्षे खपून शिंप्याचा धंदा उभा केला, त्याने सकाळी दुकान उघडले तर शिंपी नावाची जातच जगात उरलेली नाही! हा खेळ रीतसर बंद झाला 15 डिसेंबर 2011 रोजी. अनेक जुन्या खेळाडूंच्या लेखी मात्र तो सहा वर्षे आधीच गेला होता. म्हणून खेळ अधिकृतपणे चालू असतानाच काही हौशी प्रोग्रामर कामाला लागले होते. कंपनीचा कोड त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी नवा सर्व्हर मुळापासून लिहायला घेतला, आणि ध्येय ठेवले ते 2005 पूर्वीच्या जगाचे.

हे काम कसे करतात? आम्हाला ते वाचताना राहून राहून पुण्याच्या भांडारकर संस्थेतली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवत होती. 1919 ला सुरू झालेले ते काम 1966 ला पुरे झाले. सुकथनकरांनी आणि त्यांच्या मंडळींनी देशभरातली हस्तलिखिते जमवली, ओळ ओळ ताडून पाहिली, आणि उपलब्ध पुराव्यावरून जुन्यात जुना पाठ कोणता असेल हे ठरवत गेले. या खेळाडूंची हस्तलिखिते म्हणजे काय? खेळ चालू असताना संगणक आणि सर्व्हर यांच्यात जी माहिती ये-जा करते, तिच्या कुणी जपून ठेवलेल्या नोंदी; कुणीतरी काढलेली पडद्याची चित्रे; अंधूक व्हिडिओ; बाजारात मिळायची ती मार्गदर्शक पुस्तके. आणि शेवटी स्मरण. एक जण म्हणतो, तो अस्वल दोन वारांत मरायचा. दुसरा म्हणतो, छे, तीन लागायचे. झाला पाठभेद! फरक एवढाच की भांडारकरांतल्या पंडितांना व्यासांची वकिली नोटीस येण्याची भीती नव्हती.

'एव्हरक्वेस्ट'च्या चाहत्यांनी ऑक्टोबर 2009 मध्ये 'प्रोजेक्ट 1999' नावाने सर्व्हर उघडला. मूळ खेळ तेव्हाही चालू होता, आजही आहे. पण त्यात दहा वर्षांत इतकी भर पडली होती की जुने काही ओळखू येईना. या मंडळींची निष्ठा अशी की त्यांनी जुन्या गैरसोयी आणल्याच, मूळ कार्यक्रमात ज्या चुका होत्या त्यांतल्याही कित्येक जाणूनबुजून परत बसवल्या. आमच्यासारख्याला प्रथम हे हास्यास्पद वाटले. मग लक्षात आले की जुन्या वाड्याची डागडुजी करताना ज्या पायरीला सगळे अडखळायचे ती पायरी सरळ करून टाकली, तर वाड्यातले लोक म्हणणारच की, 'आमचा जिना कुठे गेला?' 2015 साली या चाहत्यांचा आणि मूळ कंपनीचा लेखी करार झाला. असे समंजस शेवट फार थोडे.

आता आपल्या जुन्या प्रश्नाकडे येऊ. थीसियसचे जहाज अथेन्सकरांनी जपले. कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? हे प्लुटार्कने सांगितले. आपल्याकडे नागसेनाने राजा मिलिंदाला रथाबद्दल हेच विचारले: आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? पण आज आम्हाला हवा आहे तो हॉब्ज. त्याने 1655 मध्ये या कोड्याला एक खोडसाळ जोड दिली. समजा, काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणीतरी गोळा केल्या आणि त्यांचे त्याच क्रमाने दुसरे जहाज बांधले, तर? आता दोन जहाजे आहेत. थीसियसचे कोणते? आम्ही वर्गात हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, 'पण सर, असं कोण करतं?' तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. आता आहे.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ नोव्हेंबर 2004 मध्ये आला आणि त्या क्षेत्रातला सर्वांत मोठा झाला. डिसेंबर 2010 मध्ये कंपनीने त्यातले जुने जग जवळजवळ पुन्हा रंगवले. नद्या वळल्या, गावे जळाली, जुन्या मोहिमा गेल्या. नाव तेच, मालक तोच, एकाही दिवसाचा खंड नाही. हे पहिले जहाज. फेब्रुवारी 2015 मध्ये 'नोस्टॅलरियस' नावाचा चाहत्यांचा सर्व्हर उघडला आणि त्याने 2010 पूर्वीचे जग जुन्या फळ्यांतून उभे केले. हे दुसरे. त्यावर आठ लाखांच्या घरात खाती उघडली गेली, दीड लाख लोक नियमित येत. फुकट. कंपनीची नोटीस आली आणि 10 एप्रिल 2016 रोजी तो बंद झाला. मग अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या जमल्या.

यापूर्वी, 2013 च्या एका जाहीर कार्यक्रमात, कंपनीच्या एका वरिष्ठाला कुणी विचारले होते की जुना खेळ परत मिळेल का. त्यांनी उत्तर दिले ते साधारण असे की, तुम्हाला तो हवा आहे असे तुम्हाला वाटते, पण खरे तर तो नको आहे. हे वाक्य त्यांना पुढे कुणी विसरू दिले नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला मात्र ते इतके मूर्खपणाचे वाटत नाही. माणसाला खेळ हवा असतो की त्या खेळाच्या वेळचे आपले विसावे वर्ष? प्रश्न रास्त आहे. फक्त तो विकणाऱ्याने विचारायचा नाही. असो. कंपनीने त्या चाहत्यांना भेटीला बोलावले, नोव्हेंबर 2017 मध्ये जुना खेळ परत आणण्याची घोषणा केली आणि ऑगस्ट 2019 मध्ये तो उघडला. तोपर्यंत 'रूनस्केप'ने हा मार्ग दाखवलाच होता. त्यांच्याकडे ऑगस्ट 2007 ची एक प्रत जपलेली सापडली, त्यांनी खेळाडूंचे मत मागवले, साडेचार लाखांच्या आसपास मते पडली, आणि 2013 मध्ये जुने जग उघडले.

2019 च्या चाचणीच्या वेळची एक हकिगत आम्हाला फार आवडते. खेळाडू धडाधड तक्रारी करू लागले: हे चुकले, ते चुकले, पूर्वी असे नव्हते. शेवटी कंपनीला एक यादीच प्रसिद्ध करावी लागली, की या गोष्टी चुका नाहीत, 2006 मध्ये हे असेच होते. उदाहरणार्थ, बैलाच्या तोंडाची जी जमात त्या खेळात आहे तिचा हात इतरांपेक्षा थोडा लांब पोचतो. लोकांना ते आठवतच नव्हते. ज्या भूतकाळासाठी भांडलो तो हाती आल्यावर त्यालाच आपण खोटा म्हणतो आहोत! स्मरण ही साठवण नसून रचना आहे, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. त्याचा पुरावा असा ठळक कधी मिळाला नव्हता.

कायद्याबद्दल फार बोलत नाही, तो आमचा प्रांत नाही. अमेरिकेत 2005 मध्ये एका वरिष्ठ न्यायालयाने असा पर्यायी सर्व्हर लिहिणाऱ्यांच्या विरोधात निकाल दिला. 2018 मध्ये ग्रंथालये आणि संग्रहालये यांना जतनासाठी थोडी सवलत मिळाली, तीही कोड रीतसर हाती आला असेल तर आणि त्यांच्या आवारात. चाहत्यांना नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि आजचा विषय आम्ही खरे तर हिच्यासाठी घेतला. 'सिटी ऑफ हीरोज' एप्रिल 2004 मध्ये सुरू झाला. त्यात पॅरागॉन सिटी नावाचे शहर, आणि प्रत्येक खेळाडू स्वतः कल्पिलेला महानायक: नाव आपले, पोशाख आपला, जन्मकथा आपली. 31 ऑगस्ट 2012 रोजी कंपनीने तो बंद करण्याचे जाहीर केले. नागरिक, हो, आम्ही नागरिकच म्हणू, त्या शहरातल्या ॲटलासच्या पुतळ्यापाशी मशाली घेऊन जमले. विनंत्या झाल्या, अर्ज झाले. 30 नोव्हेंबरला दिवे गेले. पुढे एकाने असा छोटा कार्यक्रम लिहिला की त्या शहरात एकट्याने फिरता यावे. रस्ते आहेत, इमारती आहेत, माणूस नाही. लोक त्यातही फिरत.

आणि मग एप्रिल 2019 मध्ये फुटले की काही लोकांकडे मूळ सर्व्हरचा कोड पोचला होता, त्यावर त्यांनी शहर पुन्हा चालू केले होते, आणि ते निवडक ओळखीच्यांसह सहा वर्षे गुपचूप त्यात राहत होते. बाहेर बाकीचे अर्ज लिहीत होते. संताप किती झाला असेल, कल्पना करा. त्यांचे म्हणणे: जाहीर केले असते तर नोटीस आली असती आणि उरलेसुरलेही गेले असते. 'नोस्टॅलरियस'चे काय झाले ते आपण आत्ताच पाहिले. तेव्हा हा युक्तिवाद उडवून लावता येत नाही. पण निवाडा ज्यांनी केला, त्याचे फळही त्यांच्याच पदरात पडत होते, हे कसे विसरायचे?

इथे आम्हाला न्यायाधीश होता येत नाही, त्याचे कारण सांगून टाकतो. आम्ही जिथे शिकवत होतो तिथला तत्त्वज्ञान विभाग बंद झाला. विभागाची छोटी लायब्ररी रद्दीत निघाली. त्यातली साठ-सत्तर पुस्तके आम्ही संध्याकाळी रिक्षात घालून घरी आणली आणि कुणाला सांगितले नाही. सांगितले तर परत मागतील आणि पुन्हा रद्दीतच टाकतील, असे स्वतःला समजावले. आणि ते खरेही होते. अकरा वर्षांनी एक माजी विद्यार्थिनी भेटली. प्रबंधासाठी एक पुस्तक तिने गावोगावी शोधले, शेवटी ते प्रकरणच वगळले. ती हे सांगत होती तेव्हा पुस्तक तिच्या पाठीमागच्या कपाटात होते. आम्ही उठून ते काढून तिच्या हातात दिले. तिने आतला शिक्का पाहिला, आमच्याकडे पाहिले, आणि आभार मानून चहा घेतला. प्रबंध तेव्हा छापून झाला होता.

तर, त्या शहराचे पुढे असे झाले की बोभाटा झाल्यावर कोड जाहीर झाला आणि काही आठवड्यांत एक सोडून अनेक सर्व्हर उघडले. बहुतेकांना आपली पात्रे नव्याने घडवावी लागली. नाव आठवत होते, पोशाखाचा रंग आठवत नव्हता. त्यांतल्या 'होमकमिंग' नावाच्या गटाला मूळ कंपनीने जानेवारी 2024 मध्ये रीतसर परवाना दिला. खर्च देणग्यांवर चालतो. नातवाने आम्हाला तिथेच नेले होते, ॲटलासच्या पुतळ्याखाली. पाच-सहा जण नुसते उभे होते. आम्ही विचारले, 'हे काय करताहेत?' तो म्हणाला, 'काही नाही आजोबा, गप्पा मारतायत.'

घड्याळ पुढे गेले आहे. मागून मघापासून एक हात वर आहे, तो प्रश्न आधी घेऊ.