एका जखमेच्या चार जबान्या

ब्रुसेल्स शहरात सेंट ह्यूबर्ट नावाचा काचेच्या छपराचा एक बाजार आहे. १० जुलै १८७३ रोजी सकाळी एक फ्रेंच गृहस्थ त्या बाजारातल्या बंदुकवाल्याकडे शिरला आणि सहा गोळ्यांचे एक रिव्हॉल्व्हर, त्याचे म्यान व काडतुसांची पेटी असा ऐवज २३ फ्रँक मोजून घेऊन बाहेर पडला. दुपारी दोनच्या सुमारास त्याने त्या हत्यारातून दोन बार काढले. एक गोळी त्याच्या सोबत्याच्या डाव्या मनगटात शिरली, दुसरी चुकली. बार काढणारा होता कवी पॉल व्हेर्लेन, वय वर्षे २९. आणि ज्याला गोळी लागली तो आर्थर रँबो, वय वर्षे १८. फ्रेंच कवितेचा इतिहास या दोन नावांवाचून लिहिता येत नाही. २०१६ साली पॅरिसच्या लिलावात त्या रिव्हॉल्व्हरला ४,३४,५०० युरो आले. हत्याराचे मला तितकेसे अप्रूप नाही. नवल वाटत आले आहे ते त्यानंतरच्या नऊ दिवसांत लिहिल्या गेलेल्या कागदांचे.

आधी थोडी मागची हकीकत सांगितली पाहिजे. रँबो हा शार्लव्हिल गावचा विलक्षण बुद्धीचा आणि विलक्षण उद्धट पोरगा. सप्टेंबर १८७१ मध्ये तो व्हेर्लेनच्या बोलावण्यावरून पॅरिसला आला. व्हेर्लेनचे लग्न होऊन वर्ष झाले होते, बायको मातिल्द गरोदर होती आणि बिऱ्हाड सासरच्या घरात होते. त्या घरात हा पाहुणा उतरला आणि घर मोडले. जुलै १८७२ मध्ये दोघे पॅरिस सोडून निघाले. आधी बेल्जियम, मग लंडन. दोघांचे नाते नुसत्या स्नेह्यांचे नव्हते. एकमेकांवर जीव टाकणाऱ्या दोन माणसांचे, एका खोलीचे आणि एका चुलीचे ते नाते होते. फ्रेंच शिकवण्या करून ते पोट भरीत, व्हेर्लेनची आई पैसे धाडी, आणि उरलेला वेळ कविता, दारू व भांडण यांत जाई.

३ जुलै १८७३ रोजी व्हेर्लेन बाजारातून मासळी आणि तेलाची बाटली घेऊन घरी परतत होता. त्याचे ते ध्यान पाहून रँबो खिडकीतून त्याला हसला. (संसारात इतक्यावरून काय काय होते ते ज्यांनी संसार केला त्यांना सांगावयास नको.) व्हेर्लेन आल्या पावली निघाला तो थेट बोटीवर चढला. ब्रुसेल्सहून त्याने बायकोला, आईला, सर्वांना पत्रे लिहिली की मी आत्महत्या करणार. आई धावत आली. बायको आली नाही. ८ तारखेला तार मिळून रँबो आला. पण आला तो मी आता पॅरिसला जाणार, हेच म्हणत.

पुढचे ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकावे हे बरे.

पहिली जबानी १० तारखेच्या रात्रीची, पोलीस ठाण्यातली. रँबो सांगतो: मी जाण्याचे बोललो की हा म्हणे, जा तर खरा, मग बघ. दुपारी खोलीवर आल्यावर याने दाराला कुलूप घातले, दारापुढे खुर्चीवर बसला आणि जाणे कसे असते ते तुला शिकवतो, असे म्हणून तीन मीटरवरून दोन बार काढले. आई तेथेच होती, तिने जखम बांधली. मग आम्ही तिघेही रुग्णालयात जाऊन पट्टी करून आलो. संध्याकाळी स्टेशनाकडे जाताना एका चौकात हा चार पावले पुढे गेला, वळला आणि त्याने खिशात हात घातला. मी पळालो आणि पोलीस शिपायाला गाठले. शेवटी एक वाक्य आहे, ते ध्यानात ठेवावे: याने मला सुखाने जाऊ दिले असते, तर जखमेबद्दल मी तक्रार केली नसती.

दुसरी जबानी १२ तारखेची, रुग्णालयातल्या खाटेवरची. विचारणारा चौकशी न्यायाधीश. आता दुसऱ्या गोळीच्या वेळी नळी जमिनीकडे झुकलेली होती. आई शेजारच्या खोलीत होती. बार निघताच व्हेर्लेन वेड्यासारखा होऊन आईच्या बिछान्यावर जाऊन पडला आणि ते हत्यार रँबोच्या हातात देऊन म्हणू लागला, माझ्या कानशिलात झाड. १८ तारखेची तिसरी जबानी आधीचे कायम ठेवते, पण व्हेर्लेनचे मन क्षणाक्षणाला कसे पालटत होते हे सांगू लागते. आणि १९ तारखेला रँबोने एका कागदावर सही केली: व्हेर्लेन इतका प्यालेला होता की आपण काय करतो याचे त्याला भान नव्हते, हत्यार घेताना माझ्याविषयी त्याच्या मनात वाईट नव्हते, दार लावण्यात कसलाही पूर्वसंकल्प नव्हता, त्याच्या पिण्याला कारण त्याच्या बायकोशी चाललेला तंटा, सबब मी माझी फिर्याद सोडून देतो.

हे कागद मी पहिल्याने वाचले तेव्हा मला वाटले, पोरगा शेवटी खोटे बोलला. प्रेमापोटी म्हणा, दयेपोटी म्हणा. माझ्या वर्गातही असे होते. मधल्या सुट्टीत ओठ फुटलेला मुलगा रडत येतो आणि शाळा सुटताना तोच सांगतो, गुरुजी, मीच पडलो. आपण मान हलवतो आणि पहिले बोलणे खरे धरतो.

पण कादंबरी लिहिणाऱ्याला पात्रांचे बोलणे पुन्हा पुन्हा वाचण्याची खोड असते. चारही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा दिसले की कृत्य कोठेच बदललेले नाही. बार दोन, जखम एक, मनगट डावे. बदलत जातात त्या तीन गोष्टी: गोळीचा रोख, आईची जागा आणि दाराचे कुलूप. यांपैकी कुलूप मला सर्वांत मोठे वाटते. पहिल्या रात्री पोरगा सांगत होता ते नीट ऐकले तर त्याची तक्रार जखमेची नव्हतीच. मला जाऊ देत नाही, ही होती. नऊ दिवसांनी माघार घेताना नेमके तेच दार त्याने आठवणीने सोडवून घेतले आहे. घाव तसाच राहिला आणि हेतू पुसला गेला. त्याला नुसते खोटे म्हणणे मला आता कठीण वाटते.

आणि विचारणारे काय विचारीत होते? व्हेर्लेनने पहिल्याच जबानीत सांगून टाकले होते की, माझी बायको माझ्यावर या मुलाशी अनैतिक संबंध असल्याचा आळ घेते. बस्स, तेवढे पुरले. पुरुषापुरुषांतला संबंध हा त्या काळी बेल्जियमच्या कायद्याने गुन्हा नव्हता. तरीही चौकशी मनगटावरून बिछान्यावर गेली. १६ जुलैला दोन डॉक्टरांनी तुरुंगात व्हेर्लेनच्या देहाची अशी तपासणी केली की तिचे वर्णन मी या अंकात करणार नाही. गोळी लागली होती ती रँबोला. न्यायाधीशाने या संबंधाविषयी विचारले तेव्हा रँबोने उत्तर दिले ते असे की, असल्या बदनामीचे खंडन करण्याची तसदीही मी घेणार नाही. म्हणजे कोणी मारले, का मारले, हे सांगायचे तर आपण एकमेकांचे कोण हे सांगणे भाग; आणि ते सांगितले की दोघेही बुडाले. अशा ठिकाणी माणसाच्या तोंडून सरळ हकीकत कशी यावी? फिर्याद मागे घेऊनही ८ ऑगस्टला व्हेर्लेनला दोन वर्षे कैद आणि २०० फ्रँक दंड झाला. अपिलातही शिक्षा कायम राहिली.

हा प्रश्न १८७३ सालापुरता राहिला नाही. घरातला मार मोजण्यासाठी मरे स्ट्राउस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. १९९६ साली ती सुधारली गेली. तिच्यात हेतू विचारीत नाहीत. गेल्या वर्षात ढकलले का, थप्पड मारली का, हत्यार उगारले का आणि किती वेळा, असे विचारतात. तुम्ही केलेले वेगळे, सोबत्याने केलेले वेगळे. कृत्य टिकते आणि हेतू निसटतो, हे आमच्या चार कागदांवरूनही दिसते, तेव्हा युक्ती बरी आहे. पण जोडप्यातल्या दोघांना वेगवेगळे बसवून विचारले तर पुष्कळदा उत्तरे जुळत नाहीत. मारणारा कमी सांगतो, हे तर वारंवार दिसून आले आहे. शिवाय दाराचे कुलूप थप्पड मोजणाऱ्या रकान्यात बसत नाही. दोन पुरुष असले की आणखी एक पडदा येतो. पुरुषाने मार खाल्ला असे म्हणणे लाजिरवाणे. त्यापेक्षा झटापट झाली असे म्हणणे सोपे. २०१३ साली रॉब स्टीफनसन आणि कॅथरीन फिनेरन यांनी पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांसाठी वेगळी प्रश्नावली तयार केली, तिच्यात पाळत ठेवणे आणि ताबा गाजवणे यांना स्वतंत्र जागा दिली. १४० वर्षांनी रँबोच्या कुलपाला रकाना मिळाला म्हणायचा.

अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २०१० साली केलेल्या पाहणीत समलिंगी पुरुषांपैकी २६ टक्क्यांनी आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून मारहाण, बलात्कार किंवा पाठलाग सोसल्याचे सांगितले. इतर पुरुषांत, म्हणजे स्त्रियांशीच संबंध ठेवणाऱ्यांत, हा आकडा २९ होता. आकडे जवळजवळचे आहेत, पण हे ‘सांगितले’चे आकडे आहेत एवढे विसरू नये. आपल्याकडे तर सांगावे कोणापुढे हाच प्रश्न. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. त्याआधी पोलीस ठाण्यात गेलेला पुरुष आपली जखम दाखवतानाच आपला गुन्हाही कबूल करीत होता. आणि घरातल्या छळापासून संरक्षण देणारा २००५ सालचा कायदा फिर्यादी म्हणून स्त्रीलाच ओळखतो.

ब्रुसेल्सच्या कागदांत न आलेले बरेच आहे. रँबोने पॅरिसच्या कॅफेत व्हेर्लेनच्या हातावर सुरी चालवली, असे मित्रांच्या आठवणींत येते. त्याबद्दल व्हेर्लेनने फिर्याद केली नाही आणि कोणी विचारलेही नाही. मातिल्दची जबानी तर कोणाला हवीच नव्हती. नवऱ्याने जानेवारी १८७२ मध्ये तान्ह्या मुलाला भिंतीकडे भिरकावले आणि आपला गळा दाबला, असे तिने आठवणींत लिहून ठेवले. ती वारली १९१४ साली. पुस्तक निघाले १९३५ साली. तोवर कवीच्या चाहत्यांनी तिला कजाग बायको ठरवून टाकले होते. आणि त्या दिवशी जखम बांधणारी ती आई! तिने पोलिसांना सांगितले की हा पोरगा दोन वर्षे माझ्या लेकाच्या जिवावर जगतो आहे, स्वभावाने दुष्ट आहे, माझ्या लेकाच्या मनात काही वाईट नव्हते. १८८५ साली त्याच लेकाला आईवर हात उगारल्याबद्दल महिनाभर तुरुंगात जावे लागले.

रँबो मनगट बांधून आईच्या शेतावर गेला आणि हाती घेतलेले पुस्तक त्याने पुरे केले. ‘नरकातला एक ऋतू’ हे त्याचे नाव. त्याच्या शेवटी एप्रिल ते ऑगस्ट १८७३ असा काळ घातलेला आहे. त्यात एक प्रकरण असे आहे की एक वेडी कुमारिका आपल्या नरकातल्या नवऱ्याची कहाणी सांगते: तो कसा छळतो, कसा भिववतो आणि तरी त्याला सोडवत कसे नाही. ही कुमारिका म्हणजे व्हेर्लेन आणि तो नवरा म्हणजे स्वतः रँबो, असे बहुतेक जाणकार मानतात. न्यायालयात जो मार खाल्लेला होता, त्याने पुस्तकात सोसणाऱ्याचे तोंड दुसऱ्याला दिले आणि छळणाऱ्याची जागा आपण घेतली. ही पाचवी जबानी कोणी मागितली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये तो छापखान्यातून आपल्या प्रती घेण्यासाठी ब्रुसेल्सला गेला. त्यांतली एक त्याने तुरुंगातल्या व्हेर्लेनसाठी ठेवली. पहिल्या पानावर फक्त दोघांची नावे लिहिलेली होती.